स्टँडर्ड हेराल्ड, दोन भाऊ आणि करवत

पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेलं एक कुटुंब आहे. थोरले भाऊ कारखाना बघतात. धाकटे पुण्यात नोकरीला, शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने येतात आणि रविवारी परततात. वडिलांची दोन दारांची १९६६ सालची स्टँडर्ड हेराल्ड मागांच्या शेडच्या टोकाला कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. वडील गेल्यावर शेडचा तो भाग रिकामा करायची वेळ आली. भंगारवाल्याने भाव सांगितला, तेव्हा दोघेही एकदम ‘नाही’ म्हणाले. या कामात दोघांचं जे थोडंफार लगेच पटलं, त्यातलं हे एक.

मी जुन्या गाड्यांच्या नादातला त्यांचा परिचित. कामाच्या नोंदी, सुट्या भागांच्या याद्या आणि फोटो माझ्याकडे होते. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. गाडीचं, कामाचं आणि निर्णयांचं जे झालं ते तसंच मांडलं आहे.

धाकट्यांना या गाडीची उघडी स्पोर्ट्स कार करायची होती. हेराल्डला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, असा प्रश्न जाणकार विचारतीलच. इंग्लंडात स्टँडर्ड-ट्रायम्फने १९५९ मध्ये ट्रायम्फ हेराल्ड आणली. आकार इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीचा. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून इथे बनवली. त्याच मिकेलोत्तीने त्याच गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून तिच्यावर दोन सीटांची उघडी गाडी बेतली. तिचा नमुना कारखान्यात कापडाखाली पडून होता. कंपनी लेलँडकडे गेल्यावर नव्या मालकांनी तो पाहिला आणि १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर बाजारात आली. पुढचा सस्पेन्शन, मागचा आडवा कमानपाटा, पुढे कलणारं अखंड बॉनेट, सगळं एकाच घराण्यातलं. धाकट्यांच्या डोक्यात हे पक्कं बसलं होतं: ‘आपल्याकडे अर्धी स्पिटफायर उभीच आहे, उरलेली अर्धी करायची.’

त्यात भर म्हणजे हेराल्डचं छत वेल्डिंगने नाही, बोल्टांनी बसवलेलं असतं. पाने आणि चार माणसं असली की गाडी उघडी होते. एखाद्याच्या मनात उघडी स्पोर्ट्स गाडी आधीच असेल, तर याहून मोठा मोह कुठला असणार!

गाडीची अवस्था

सोलापूरच्या कोरड्या हवेने चासी वाचवली होती. किनाऱ्यावरच्या हेराल्डचे चासीचे बाहेर आलेले हात गंजून भुगा झालेले असतात. इथे हातोडीने ठोकलं तर खणखणीत आवाज येत होता. मात्र शेडच्या पत्र्यातून नेमकं ड्रायव्हरच्या बाजूला पाणी गळायचं, त्यामुळे तिथला फ्लोअर मॅटखाली कुजला होता. सीटच्या आत, डॅशबोर्डमागे, एअर क्लीनरमध्ये, जिथे पोकळी सापडली तिथे मागावरची रुई भरून उंदरांनी संसार मांडला होता. वायरिंग त्यांनीच संपवलं होतं.

इंजिन ९४८ सीसीचं, ६३ मिलिमीटर बोअर आणि ७६ मिलिमीटर स्ट्रोकचं. ते जाम होतं. प्लगच्या भोकांतून डिझेल-ऑइल सोडून आठवडाभर ठेवल्यावर इंजिनाचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी ते हाताने फिरवलं. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी कुणी शिकवलेली नव्हती. थोरल्यांना आत बसवून क्लच दाबायला लावला आणि स्वतः क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवर बोट ठेवलं. क्लच दाबला की पुली डोळ्यांना दिसेल एवढी पुढे यायची, सोडला की मागे जायची. या इंजिनांची ही जुनी खोड आहे: क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजतात आणि शेवटी जागेवरून निसटतात. तेव्हाच ठरलं की इंजिन पूर्ण उघडायचं. ‘चालू करून तर बघू’ हा मोह तिथेच संपला.

अडचण

गाडी बिघडलेली होती ही खरी अडचण नव्हतीच. एकाच गाडीतून दोघांना दोन वेगळ्या गाड्या हव्या होत्या.

थोरल्यांना वडिलांची गाडी हवी होती, पांढरी, छत असलेली. आईला तुळजापूरला घेऊन जाता आलं पाहिजे, एवढीच मागणी. धाकट्यांना लाल रंग, उघडी गाडी, मारुती जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन, रुंद अलॉय चाकं आणि मागच्या सीटच्या जागी स्पिटफायरसारखी उतरती शेपटी हवी होती. ‘अण्णा, म्युझियम करायचंय का गाडी चालवायचीय?’ हे त्यांचं पालुपद. ‘तू पुण्याला जातोस रविवारी. रस्त्यात बंद पडली की ढकलायला मीच,’ हे थोरल्यांचं उत्तर.

पहिल्या काही आठवड्यांत कामाला दिशा नव्हती, आणि खर्च असाच वाढतो. धाकट्यांनी ऑनलाइन चाकं मागवून ठेवली. थोरल्यांनी इकडे जुन्या बाजारातून मूळ घाटाच्या हबकॅप आणल्या. चाकं आणि हबकॅप एकाच गाडीसाठी आणि एकमेकांच्या कामाची नाहीत.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय पूर्ण बदलाचा: जिप्सीचं इंजिन आणि गिअरपेटी, कापून केलेली उघडी बॉडी. जिप्सीचं इंजिन मजबूत आहे, भाग कुठेही मिळतात, मिस्त्रींच्या हातालाही ते सवयीचं. पण हेराल्डचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) आणि मागच्या हाफ शाफ्ट (तिथून चाकांपर्यंत जाणारे दांडे) या चाळीसच्या आत अश्वशक्तीच्या गाडीसाठी बनवलेल्या आहेत. इंजिन दुप्पट ताकदीचं घातलं की तुटण्याची जागा फक्त मागे सरकते. मग मागचा अॅक्सल बदला, मग ब्रेक बदला, मग गिअरपेटीवरचा फ्लोअरचा उंचवटा, टनेल, कापा. धाकट्यांना हे कागदावर आकृती काढून दाखवल्यावर पटलं. ते इंजिनिअर आहेत, त्यामुळे बोलण्यापेक्षा आकृती बरी.

यात कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. गॅरेजमध्ये ‘कोण बघतंय’ असं सर्रास म्हणतात. अपघात झाला की विमा कंपनी बघते.

दुसरा पर्याय तंतोतंत मूळ रूपाचा: प्रत्येक स्क्रू १९६६ सारखा. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नोंदणी १० वर्षांची, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. ऐकायला छान वाटतं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल एवढ्यापुरतीच. म्हणजे आईला तुळजापूरला न्यायचं ते राहिलंच. थोरल्यांचा हा आवडता पर्याय त्यांच्याच मागणीवर अडला. मला हा सगळ्यांत मोलाचा क्षण वाटतो, कारण त्या संध्याकाळी पहिल्यांदा दोघांना कळलं की आपण दोघेही आपल्या मनातल्या गाडीचा पूर्ण विचार केलेला नाही.

तिसरा पर्याय मिस्त्रींच्या तोंडून आला. ‘मालक, पान्याने होतंय ते सगळं करू. करवतीने होतंय ते नको. पान्याचं उद्या परत करता येतंय की.’

निर्णय

हाच नियम ठरला. जे बोल्टाने बसेल आणि बोल्टाने निघेल ते चालेल. कापणं, वेल्डिंगने मूळ आकार बदलणं, भोकं पाडणं नाही. कुजलेल्या फ्लोअरचं वेल्डिंग याला अपवाद, कारण ती दुरुस्ती. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून शेडमधल्या रॅकवर जाणार. सूत ठेवायच्या रॅकवर हेराल्डचं सामान, असं चित्र त्यानंतर बरेच महिने होतं.

नोंदणीसाठी व्हीएचा रस्ता सोडून साधं नूतनीकरण घ्यायचं ठरलं. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती, शिवाय पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. तरीही गाडी चालवायची असेल तर रस्ता हाच. आरसी वडिलांच्या नावावर होती. आधी वारसाहक्काने मालकी बदलण्यासाठी फॉर्म ३१, मग नूतनीकरणासाठी फॉर्म २५. हे कागद गाडी सुट्या भागांत असतानाच सुरू केले आणि तिथेच पहिला अडथळा आला: चासी नंबरची पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा. नंबरची पट्टी रंगाच्या थरांखाली दबली होती. चाचांनी, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्या वस्तादांनी, थिनर आणि बोटभर चिंधीने तासभर घासून ती वर काढली. ग्राइंडर लावला असता तर नंबर गेला असता आणि त्याबरोबर गाडीही.

रंगाचा वाद आरसीनेच मिटवला. आरसीवर पांढरा होता. लाल करायचा तर तीही नोंद बदलून घ्यावी लागणार. धाकटे म्हणाले, ‘ठीक आहे, पांढरा. पण सीट माझ्या.’

प्रत्यक्ष काम

इंजिनाचं काम सरळ गेलं. रिबोअर (सिलिंडर कापून मोठे करणं), तीस थाउ, म्हणजे इंचाचे तीस हजारांश, ओव्हरसाइज पिस्टन चेन्नईच्या एका जुन्या स्पेअरवाल्याकडून, क्रँक ग्राइंडिंग, नवे थ्रस्ट वॉशर. वायरिंग नवं घातलं. गाडीत मूळचा पॉझिटिव्ह अर्थ होता, म्हणजे बॅटरीची अधिक टोकाची वायर बॉडीला. मोबाइल चार्जर लावायचा म्हणून वायरमन बॅटरी उलटी जोडायला निघाला होता. अर्थ बदलायचा असेल तर डायनॅमोला नवी दिशा द्यावी लागते, कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात. इथे मूळ व्यवस्था तशीच ठेवली आणि चार्जर वेगळ्या छोट्या बॅटरीवर चालवला. हे थोडं वेडगळ दिसतं, पण चालतं.

पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची रबरं इथेनॉल चालेल अशी घातली. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीची जुनी रबरं खातं, यावर मिस्त्रींनी साखर कारखान्यांना उद्देशून जे म्हटलं ते इथे छापण्यासारखं नाही.

खरी गोष्ट पुढच्या चाकांत घडली.

हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा खालच्या टोकाला आट्यांचा असतो. तो पितळी रंगाच्या ट्रनियनमध्ये स्क्रूसारखा बसतो आणि स्टिअरिंग फिरवलं की त्या आट्यांवरच वळतो. चाकाचा सगळा धक्का त्या आट्या झेलतात. इथे ग्रीस चालत नाही, गिअर ऑइल लागतं, नव्वद नंबरचं. कंपनीचं सांगणंच तसं आहे. पण निप्पल दिसलं की ग्रीसगन लावायची हा आपल्याकडच्या प्रत्येक सर्व्हिस स्टेशनचा धर्म. वर्षानुवर्षं भरलेलं ग्रीस आत साबणाच्या वडीसारखं घट्ट झालेलं होतं. त्याच्या मागे आट्यांपर्यंत काहीच पोचलेलं नव्हतं.

मिस्त्रींनी डावा दांडा सोडवला तेव्हा गंजाची पूड बाहेर आली. आट्यांची टोकं बोटाला धारदार लागत होती आणि मुळाशी केसासारखी रेष दिसत होती. रॉकेलने धुऊन, खडू लावून पुन्हा पाहिलं तर रेष तशीच, खडूत ओली उमटलेली. भेग. हा दांडा तुटतो तेव्हा चाक आडवं होऊन मडगार्डखाली घुसतं, आणि बहुधा वळताना, कारण जोर तेव्हाच पडतो.

इथे दोन रस्ते होते. लेथवाल्यांचं म्हणणं, ‘अण्णा, उद्या संध्याकाळी घेऊन जावा. ईएन एटचं पोलाद लावतो, ट्रनियन गनमेटलचं.’ सोलापूरच्या लेथवाल्यांच्या हातात कसब आहे, मागांचे भाग बनवत पिढ्या गेल्या आहेत. आणि खर्च नगण्य. दुसरा रस्ता इंग्लंडहून मागवायचा. स्पिटफायरच्या चाहत्यांमुळे हे भाग तिथे अजून नवे बनतात. पण वेळ लागणार, कस्टम ड्युटी लागणार, आणि धाकट्यांना गाडी सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत हवी होती.

थोरल्यांनी लेथवाल्यांना एकच विचारलं, ‘मूळचा तुकडा ठोकून घडवलेला, फोर्ज केलेला आहे. तुम्ही बारमधून कापणार. त्यावर माझ्या आईला बसवू का?’ लेथवाले प्रामाणिक होते. म्हणाले, ‘बुश असता तर डोळे झाकून दिला असता. हे नका माझ्या गळ्यात घालू.’ गाडी संक्रांतीला गड्ड्यावर गेली नाही. धाकट्यांनी मला फोन करून जवळजवळ अर्धा तास थोरल्यांबद्दल तक्रार केली.

मागवताना एक काळजी घेतली, ती सगळ्यांनी घ्यावी अशी. डाव्या-उजव्या बाजूच्या आट्या उलट दिशेच्या असतात. दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन जोडीने मागवले, आल्यावर हाताने फिरवून पाहिले आणि मगच बसवले. ग्रीसगनच्या जागी तेल भरायची जुनी पिचकारी मिळवली. तिच्यावर थोरल्यांनी ऑइल पेंटने लिहिलं, ‘फक्त पुढची चाकं. तेल. ग्रीस नाही.’

त्याच खेपेत पुढच्या डिस्क ब्रेकचा संच मागवावा का, यावर चर्चा झाली. तो याच घराण्याच्या गाड्यांवरून बोल्टाने बसवता येतो, म्हणजे नियमात बसणारा. पण ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही त्याला जुळवावा लागतो आणि तो हिशेब कुणालाच नीट मांडता येत नव्हता. ड्रम घासून घेतले, नवे लायनर, सिलिंडरांची रबर किट, नवे पाइप. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. अर्धवट समजलेला चांगला ब्रेक हा पूर्ण समजलेल्या जुन्या ब्रेकपेक्षा वाईट.

चाकं आणि खडूची रेष

धाकट्यांची अलॉय चाकं अजून खोक्यात होती. हेराल्डच्या चार नटांचं वर्तुळ पावणेचार इंचांचं. चाकं त्या मापाची नव्हती म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट बनवली. त्यामुळे चाक बाहेर आलं आणि मागचं मडगार्डला घासू लागलं. एका शनिवारी चाचांनी मडगार्डवर खडूने कमान आखली आणि ग्राइंडरची वायर बोर्डात खुपसली. धाकट्यांनी ‘काटो चाचा’ म्हणून टाकलं होतं. चाचा थांबले. ‘मोठे मालक येऊ दे. खडू पुसून जाईल, पत्रा परत येत नाही.’

थोरले आले, खडूकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. मिस्त्रींनी मागची बाजू जॅकवर उचलली आणि सोडली. हेराल्डला मागे स्विंग अॅक्सल आहे: चाक वर-खाली होताना अख्खा अर्धा अॅक्सल डिफरन्शियलपाशी बिजागरीसारखा कलतो, त्यामुळे चाक सरळ वर जात नाही, तिरकं होतं. जॅकवर चाकांचे तळ आत वळून गाडीखाली शिरल्यासारखे दिसत होते. वळणात वेगात असताना एकदम अॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू उचलते, बाहेरचं चाक असंच खाली दुमडतं आणि गाडी फिरते. स्पिटफायरलाही ही खोड होती. १९७० च्या चौथ्या मार्कमध्ये, म्हणजे चौथ्या आवृत्तीत, पाट्याची रचना बदलून तिच्यावर उपाय काढला. चाक बाहेर काढून हे सुधारत नाही, उलट बेअरिंगवर ताण वाढतो.

धाकटे बराच वेळ चाकापाशी उकिडवे बसले होते. मग चाकं पुन्हा खोक्यात गेली. मूळच्या १३ इंची लोखंडी रिमवर १५५ रुंदीचे रेडियल टायर चढवले. हबकॅपही शेवटी कामाला आल्या.

कमानपाट्याची मात्र एक फेरी फुकट गेली. बसलेला पाटा ट्रकचे पाटे करणाऱ्याकडे दिला. त्याने ट्रकच्या हिशेबाने भरपूर कमान दिली. गाडी मागून उंच झाली, चाकं फेंगडी. ज्या खोडीची भीती होती तीच वाढवून मिळाली. परत नेऊन, मूळ उंची लिहून देऊन, पुन्हा बसवून घेतला.

रंग, पाणी आणि सीट

चाचांचं काम पाण्यावर अडायचं. लांबी, म्हणजे पत्र्यावरची पुट्टी, घासायला पाणीपेपर लागतो, पाणीपेपरला पाणी, आणि शहरात तेव्हा नळ चार-पाच दिवसांआड. पाणी आलं की लांबी, नाही आलं की बाकीचं. उन्हाळ्यात दुपारी धुळीचा वारा सुटतो म्हणून शेवटचा हात पहाटे मारला, शेडची जमीन ओली करून. खर्चात पत्रा आणि रंग मिळून इंजिनापेक्षा बरेच पुढे गेले, हे कुठल्याही जुन्या गाडीत ठरलेलंच.

सीटवर मात्र धाकट्यांनी स्वतःचा मुद्दा खरा केला. सीटचं कापड त्यांनी घरच्याच जॅकार्ड मागावर विणलं. सोलापुरी चादरीसारखी दुहेरी वीण, पांढऱ्या जमिनीवर लाल चौकड्या. बाजारातला कुठलाही रेक्झिन इतका या गाडीचा वाटला नसता. पहिल्या खेपेचा लाल रंग कच्चा निघाला. मे महिन्यात घामाने तो थोरल्यांच्या पांढऱ्या पँटवर उतरला आणि त्यांनी तशाच पँटने बँकेत चक्कर मारली. दुसऱ्या खेपेला पक्क्या रंगाचं पॉलिस्टर मिश्र सूत घेतलं. पहिलं कापड रॅकवर, चिठ्ठीसह.

नियम एकाच ठिकाणी मोडला. मूळ गाडीत सीट बेल्ट नव्हते. त्यासाठी फ्लोअरला भोकं पाडून खाली जाड प्लेट लावल्या. यावर वाद झाला नाही.

छत

छताचा प्रश्न शेवटपर्यंत लांबला. बोल्टाने निघतं म्हणजे मिस्त्रींच्या नियमात बसतं. पण आरसीवर बॉडीचा प्रकार सलून, म्हणजे छताची बंद गाडी, असा आहे. उघडी फिरवली तर तपशीलात फरक, कलम ५२ पुन्हा दारात. तपासणीच्या वेळी थोरल्यांनी विचारून पाहिलं. मिळालेलं उत्तर तोंडी होतं आणि दोन्ही अर्थांनी घेता येईल असं होतं. त्यांनी ते ‘नाही’ असं धरलं. मला हे अतिसावध वाटलं नाही. लेखी नसलेल्या परवानगीवर गाडी चालवणं ही परवडणारी चैन नसते.

आणखी एक लक्षात आलं. छत काढून गाडी जॅकवर घेतली की दारं घासून बंद होत होती, छत असताना सहज. वेगळी चासी असली तरी छत काही ताण उचलतंच.

मग तोडगा असा निघाला: रस्त्यावर छतासह. कारखान्याच्या आवारात आणि प्रदर्शनात, ट्रेलरवरून नेऊन, उघडी. माग चढवायचा चेन पुली ब्लॉक शेडच्या गर्डरला होताच. धाकटे रविवारी सकाळी छत उचलतात, आवारात चार फेऱ्या मारतात, दुपारी परत बसवतात. मला ते थोडं केविलवाणं वाटतं. त्यांना वाटत नाही.

परिणाम

नूतनीकरण झालं. गाडी आईंना घेऊन तुळजापूरला गेली. पहिल्या खेपेला घाटात पेट्रोल उकळून गाडी बंद पडली. पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला, बाहेर चाळिशीपार ऊन. जुन्या ड्रायव्हरांचा उपाय केला: पंपावर ओला कपडा. टॉवेलचा कारखाना असल्याने कपड्याची वानवा नव्हती. नंतर कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड तुकडा घातला आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर फिरवली. इलेक्ट्रिक पंख्याचा विचार सोडला, कारण जुना डायनॅमो दिवे आणि पंखा दोन्ही ओढेल याची खात्री नव्हती. आता एप्रिल-मेमध्ये ते सकाळी लवकर निघतात.

गाडी वेगवान नाही. पण पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर अलगद पडण्याची सोय) नसलेली, २५ फुटांत वळणारी हलकी गाडी हातात घेऊन धाकटे होटगी रोडला चक्कर मारून येतात, तेव्हा जिप्सीच्या इंजिनाचा विषय निघत नाही. अलॉय चाकं विकायला काढली आहेत. गिऱ्हाईक मिळालेलं नाही.

पुन्हा करायचं तर

रंगाचा क्रम बदलावा लागेल. इंग्लंडहून भाग येईपर्यंत हात मोकळे होते म्हणून बॉडी आधी रंगवली. नंतर सस्पेन्शन बसवताना डाव्या मडगार्डच्या आत आणि बॉनेटच्या बिजागरीपाशी ओरखडे आले. चाचांनी भरून दिले, पण उन्हात तो भाग वेगळा चमकतो.

परदेशी भागांची यादी इंजिन उघडायच्या आधीच करायला हवी होती. पुढची चाकं पहिल्याच आठवड्यात सोडवली असती तर भेग तेव्हाच दिसली असती, भाग एकाच खेपेत आले असते आणि बहुधा जत्राही साधली असती.

खरेदीला कुलूप लावायला हवं होतं. चाकं आणि हबकॅप दोन्ही निर्णयाआधी घेतलेल्या वस्तू. दोघांचं ठरेपर्यंत कुणीही काही आणायचं नाही, एवढं पहिल्या दिवशी बोललं गेलं असतं तर धाकट्यांचे पैसे वाचले असते आणि चाचांना खडूही काढावा लागला नसता.

डिस्क ब्रेकबद्दल मात्र मिस्त्री अजून माझ्याशी सहमत नाहीत. मास्टर सिलिंडरच्या मापाचा कागद त्यांनी कुठूनतरी मिळवलाय आणि थोरल्यांना दाखवायला योग्य रविवार शोधतायत.